माल आमचा, मापाडी त्यांचा



बाजार समितीत कापसाची गाडी काट्यावर चढली की आपली नजर मापाड्याच्या हातावरून हलत नाही. कडता किलोभर जास्त धरला तरी आपण गाडीवरून उडी मारून खाली येतो. घामाचा माल आहे, भांडलेच पाहिजे. पण दरसाल आपले अख्खे पीक आणखी एका काट्यावर चढते. तो काटा आपल्याला दिसत नाही, वजन आपल्यासमोर होत नाही, पावती मिळत नाही, आणि मापाड्याचे तोंडही आपण कधी पाहिलेले नसते. तो काटा पीक विम्याचा. हंगाम संपून महिने लोटल्यावर खात्यात काहीतरी जमा होते किंवा काहीच होत नाही. शेजारच्या मंडळाला मिळाले, आपल्याला का नाही, म्हणून चार दिवस तहसीलवर जाऊन बसायचे, पाचव्या दिवशी उन्हाळवाहीला लागायचे, असा आपला रिवाज आहे.

तो मापाडी आम्ही पाहून आलो. तो आपल्याच तालुक्यातला निघाला.

मंत्रालयात एका निवेदनाच्या पाठपुराव्याला गेलो होतो. काम अर्थातच झाले नाही. मुक्काम मिरा रोडला, हाटकेश भागात, आपल्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या मुलाकडे होता. विरार गाडीत उभ्याने गेलो, स्टेशनवरून पूर्वेला शेअर रिक्षा केली. हाटकेश हे महादेवाचे नाव. तिथे एका बाजूला उद्योगनगरातले पत्र्याचे गाळे आणि दुसऱ्या बाजूला उंच इमारती. अशा एका इमारतीत बँकेचे कर्ज काढून घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट. भिंतीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटरचे दोन पडदे. मुलगा एका विमा कंपनीत सिनिअर डेटा सायंटिस्ट आहे. वडील गावात सांगतात, "कम्प्युटरवर असते." काही दिवस तो कंपनीत जातो, बाकीचे दिवस याच टेबलावर बसतो. कंपनीचे नाव आम्ही छापत नाही. एकट्या कंपनीचा प्रश्न नाही, आणि पोराच्या पोटावर पाय द्यायची आमची इच्छा नाही.

जेवणे झाल्यावर आम्ही म्हणालो, "बाबू, तू नेमका करतोस काय, ते दाखव." त्याने रात्री एकपर्यंत दाखवले. कृषी पदवीच्या वेळी संख्याशास्त्राच्या पेपरला आम्ही जेमतेम पास झालो होतो, त्याची आठवण झाली. तरी गोष्ट कळली, आणि जी कळली ती इथे सांगतो.

सरकार जिल्ह्यांचे गट पाडून विम्याची निविदा काढते. निविदा भरण्याआधी तो गट या मुलाच्या टेबलावर येतो. प्रत्येक महसूल मंडळाचे मागच्या सगळ्या वर्षांचे उत्पादन तो मांडतो आणि हिशेब करतो की, हीच योजना त्या वर्षांत असती तर भरपाई किती द्यावी लागली असती. त्याची सरासरी म्हणजे जोखमीचा मूळ भाव. त्यावर खर्च, पुढच्या विमेदाराचा वाटा (विमा कंपन्याही स्वतःचा विमा उतरवतात, हे आम्हाला तिथेच नीट कळले) आणि अनिश्चिततेचा भार चढतो. हा शेवटचा भार आपल्या कामाचा. धरणाखालच्या मंडळात उत्पादन दरसाल सारखे येते, तिथे भार कमी. कोरडवाहू मंडळात एका साली दहा क्विंटल, दुसऱ्या साली तीन. तिथे भार जास्त. खरीप ज्वारीचा पेरा इतका घटला आहे की काही मंडळांत हिशेबाला पुरेसे आकडेच नाहीत. आकडे कमी तितका संशय जास्त, संशय जास्त तितका हप्त्याचा दर जास्त. तो दर दिसायला आपण भरत नाही. खरिपाच्या अन्नधान्याला आपल्याकडून २ टक्के घेतात, रब्बीला दीड, आणि कपाशी नगदी पीक म्हणून ५ टक्के. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरते. पण केंद्राने २०२० मध्ये आपल्या वाट्याला मर्यादा घातली: जिरायतीला ३० टक्के दरापर्यंत, बागायतीला २५. त्यावर दर गेला की बोजा राज्यावर, आणि मग राज्य योजना कापायला बसते.

आता भरपाई कशी ठरते ते पाहू, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना अजून वाटते की आपल्या शेताचे नुकसान कोणीतरी येऊन पाहतो. मंडळातल्या मागच्या ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. आपल्याकडे तो ७० टक्के आहे. येईल ते उंबरठा उत्पादन. समजा एका मंडळात ज्वारी हेक्टरी १२, ५, १०, ४, ९, ८ आणि ११ क्विंटल झाली. चांगली पाच वर्षे १२, ११, १०, ९, ८, सरासरी १०, उंबरठा ७ क्विंटल. यंदा मंडळाची सरासरी साडेसहा आली तर तूट अर्ध्या क्विंटलची, म्हणजे सातातला अर्धा. विमा रक्कम ३०,००० रुपये धरली तर भरपाई २,१४३ रुपये. आणि सरासरी सात क्विंटल दहा किलो आली तर? शून्य. तुमच्या वावरात दोनच क्विंटल झाली असेल तरी शून्य. आणि ज्या मंडळावर दुष्काळ वारंवार पडतो त्याचा उंबरठाच खाली घसरतो. ८, ४, ६, ३, ६, ५, ५ असे ज्याचे सात वर्षांचे आकडे, त्याचा उंबरठा ४ क्विंटल २० किलो. म्हणजे जो जास्त बुडाला त्याला आणखी बुडाल्याशिवाय दमडी नाही.

मंडळ धरून विमा करायची ही कल्पना कोणा लबाडाची नाही. ती वि. म. दांडेकरांची. दांडेकर सातारचे, संख्याशास्त्राचे जाणकार, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले. १९७२ मध्ये सरकारी विमा महामंडळाने गुजरातेत संकर-४ कपाशीचा विमा सुरू केला तो शेत-शेत पाहून, आणि पुढे महाराष्ट्रासह इतर राज्यांत नेला. १९७८ पर्यंत हप्ता जमला साडेचार लाखांचा आणि भरपाई गेली सुमारे ३८ लाखांची. शेतागणिक पाहणी परवडत नाही आणि खरेखोटे करता येत नाही. दांडेकरांनी १९७६ मध्ये मांडले की भागाची सरासरी हाच मापदंड धरा. मग कोणी मुद्दाम पीक बुडवून पैसे घेऊ शकणार नाही. १९७९ ची पथदर्शी योजना, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची पंतप्रधान पीक विमा योजना, सगळ्या त्याच वाटेने आल्या. दांडेकरांच्या अनेक मतांशी आमचे जमत नाही, पण हा विचार खोटा नव्हता. त्यांचा हिशेब छापलेला होता. पुण्यात जाऊन त्यांच्याशी वाद घालता येत होता. हाटकेशच्या टेबलावरचा हिशेब कंपनीच्या कुलपात आहे.

मुलाने मग दुसऱ्या पडद्यावर उपग्रहाचे चित्र उघडले. युरोपचे उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि जमिनीचे दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन टिपतात. एका एकरात असे चाळीस चौकोन. हिरवे पान तांबडा प्रकाश खाते आणि त्यापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश परत फेकते. त्या दोहोंच्या फरकावरून पिकाचा हिरवेपणा मोजतात आणि हिरवेपणावरून उत्पादनाचा अंदाज बांधतात. खरिपात ढग असले की चित्र आंधळे होते, तेव्हा रडारचा आधार घेतात. केंद्राने २०२३ च्या खरिपापासून भात-गव्हाच्या उत्पादनात अशा अंदाजाला किमान ३० टक्के वजन दिले; पुढे सोयाबीन आले. कपाशी-ज्वारीवाल्यांनी आपण सुटलो असे समजू नये.

त्याने वडिलांचे वावर दाखवले. सहा एकर, अडीचशेच्या आसपास चौकोन. नोव्हेंबरातही हिरवेगार. आम्ही म्हणालो, "हे तर जोमात दिसते रे." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, बाबांना त्या साली एकरी दोन क्विंटलही कापूस झाला नाही. बोंडं सडली, सेंदरी अळी होती. झाड मात्र हिरवंच राहिलं." हे आम्हाला त्याने सांगायची गरज नव्हती. बोंडे गळालेली पऱ्हाटी माजते. अंगावर ओझे नसते, म्हणून पाने हिरवी राहतात. ज्याने एकदा पऱ्हाटीत पाय ठेवला आहे त्याला हे माहीत असते. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाडा-खानदेशचा कापूस खाल्ला, तेव्हा वरून पाहणाऱ्याला हिरवळच दिसली असती. त्या साली सरकारने नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर केले: आपत्ती निधीतून ६,८००, विम्यातून ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून १६,०००. त्यातले प्रत्यक्ष किती हाती आले ते तुम्हाला ठाऊक आहे. कपाशीत तुरीची तासे असली की चौकोनात काय मोजायचे, हाही त्याचा रोजचा घोळ. आणि ज्वारीचे वेगळेच. काढणीला पाऊस आला, दाणा काळा पडला, तरी वजन भरते. वजन भरले म्हणजे नुकसान नाही. त्या काळ्या ज्वारीला बाजारात कोण विचारतो, हा रकाना ना कापणी प्रयोगात आहे ना उपग्रहात.

इथे आम्ही त्याच्यावर चिडलो. "मग तू हे वरच्यांना सांगत नाहीस?" तो म्हणाला, "सांगितलं. त्यांनी विचारलं, यानं आपला अंदाज किती सुधारतो? काका, माझं मॉडेल शिकतं कशावर? तुमच्या कापणी प्रयोगांवर. तेच टेबलावर बसून भरले असतील तर मी काय करू?"

याला उत्तर देताना आम्ही अडखळलो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही स्वतः कापणी प्रयोगांना उभे राहिलो आहोत. नियम चोख आहे. चिठ्ठी टाकल्यासारखे यादृच्छिक आकडे घेऊन गट निवडायचा, तशाच आकड्यांनी वावरातला कोपरा ठरवायचा, तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, तोलायचा. ज्वारीला हे एका दिवसात होते. कपाशीला होत नाही. कपाशीच्या तीन-चार वेचण्या; प्रत्येक वेचणीला त्याच तुकड्यावर जाऊन तेवढाच कापूस वेगळा तोलायचा. पहिल्या वेचणीला माणूस जातो. दुसऱ्या वेळी त्याच्याकडे दुसरी दहा कामे असतात, आणि मालकानेही तुकड्याची वाट न पाहता मजूर मिळाले त्या दिवशी सगळे वावर वेचून टाकलेले असते. मग पहिल्या वेचणीवरून पुढच्या वेचण्या कागदावर लिहिल्या जातात. आम्ही हे होताना पाहिले आहे आणि एकदा त्या कागदावर सहीही केली आहे. कापणी प्रयोग म्हणजे शुद्ध सोने आणि उपग्रह म्हणजे थोतांड, अशी भाषणे आपल्या व्यासपीठावरून होतात, ती बंद झाली पाहिजेत. दोन्ही काटे तपासावे लागतील.

आणि आता कापणी प्रयोगाचे मोल पूर्वीच्या कितीतरी पट वाढले आहे. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात विमा आणला. त्याच साली ऑगस्ट कोरडा गेला, जिल्हाधिकाऱ्यांनी २५ टक्के आगाऊ भरपाईच्या अधिसूचना काढल्या, आणि कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. मग २०२४ च्या खरिपात चार लाखांच्या वर अर्ज बोगस निघाले. दुसऱ्याच्या जमिनीवर, देवस्थानाच्या, सरकारी जमिनीवर काढलेला विमा! त्यात आपलेही काही महाभाग होते, त्यांची भलामण आम्ही करणार नाही. सरकारने २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना गुंडाळली आणि तिच्याबरोबर स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचे नुकसान ही सगळी कलमेही राज्यापुरती काढून टाकली. राहिले एकच: मंडळाचे उत्पादन. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या वावरांतून वाहिल्या. ७२ तासांत कळवायची अट गेली म्हणून कोणी खूश झाले असेल, तर त्याने धाराशिवचे आठवावे. २०२० च्या सोयाबीनची भरपाई त्या अटीवर नाकारली होती. पण अट होती, नियम छापलेला होता, म्हणून लोक औरंगाबाद खंडपीठात जाऊ शकले, आणि मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला. आता कोर्टात कशावर भांडणार? सरासरी तुम्ही पाहिलेलीच नाही.

बोगस अर्ज हुडकायचे कामही हाटकेशच्या त्याच टेबलावर होते. सातबारा, ई-पीक पाहणी, उपग्रहाचे चित्र, बँक खाते यांचा मेळ बसला नाही की अर्जावर तांबडी खूण. मुलाने त्यातून खरोखरचे चोर पकडले आहेत. पण मेळ न बसणाऱ्यात आणखी कोण असतात? बाप वारला, फेरफार झाला नाही, तो. सामाईक गटात भावाच्या हिश्श्यात कपाशी आणि याच्या हिश्श्यात ज्वारी, तो. बटईने करणारा. मोबाईलला रेंज नाही म्हणून पीक पाहणी राहिली, ती विधवा बाई. "अशा किती खुणा नंतर चुकीच्या निघाल्या?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "तो आकडा मला कोणी मागितलेला नाही." चोर किती पकडले, याचा हिशेब त्याला दर महिन्याला द्यावा लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा मुलगा खोटा हिशेब करतो असे आमचे म्हणणे नाही. त्याला विचारलेले प्रश्नच एका बाजूचे आहेत. आणि ती बाजू फक्त कंपनीची आहे, असे समजणेही आता भाबडेपणाचे आहे. बीडला विमा द्यायला कंपन्या पुढे येईनात, तेव्हा २०२० मध्ये ८०-११० चा तोडगा निघाला, पुढे तोच राज्यभर आला. हप्ता १०० रुपये धरा. भरपाई ४० निघाली तर कंपनी २० ठेवते आणि ४० सरकारला परत करते. भरपाई १३० निघाली तर कंपनी ११० देते, वरचे २० सरकार भरते. कंपन्यांच्या नफ्याला लगाम बसला, हे खरे आणि चांगले. पण काट्याकडे पाहा. आपले नुकसान कमी मोजले गेले तर कधी कंपनीचा रुपया वाचतो, कधी सरकारचा. जास्त मोजले गेले तर त्याच दोघांपैकी एकाच्या खिशातून जातो. मोजणारा माणूस सरकारचा, मोजणीला हजर राहून हरकत घ्यायचा अधिकार कंपनीला, आणि हिशेब तपासणारा हाटकेशचा मुलगा कंपनीच्या पगारावर. ज्याचे पीक आहे त्याचा मापाडी कुठे आहे? (निवडणुकीच्या वर्षी सरकारचे पारडे थोडे हलते, त्यावर समाधान मानणाऱ्यांनी मानावे.)

बाजार समितीतही एकेकाळी असेच होते. व्यापाऱ्याचाच काटा, व्यापाऱ्याचाच माणूस. परवानाधारक मापाडी आणि मापाची चिठ्ठी मागून मिळाली. विम्यातही तेच मागायचे आहे. मंडळात किमान १० प्रयोग व्हावेत असा नियम आहे. ते कोणत्या गटांत, कोणत्या तारखेला होणार, हे आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे. कपाशीच्या प्रत्येक वेचणीचे वजन वेगळे लिहून त्याच फळ्यावर आले पाहिजे. कंपनीने हरकत घेतली तर ती कोणत्या प्रयोगावर आणि का, हे गावाला कळले पाहिजे. उपग्रहाचा अंदाज वापरला असेल तर मंडळाचा आकडा, आणि तो कापणीच्या आकड्यापासून किती दूर होता, हेही जाहीर व्हावे. चुकीच्या तांबड्या खुणांचा हिशेब विधानसभेत ठेवावा. हप्त्याचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून जातो. त्या पैशाने केलेला हिशेब कोणाचे खाजगी गुपित असू शकत नाही. गावच्या समितीत सरपंच, पोलीस पाटील असतात म्हणतात. तुमच्या गावची समिती यंदा किती प्रयोगांना हजर होती, ते विचारा.

सकाळी मुलगा स्टेशनवर सोडायला आला. रिक्षात आम्ही त्याला म्हणालो, "तुझ्यासारखा एक आम्हाला पाहिजे. पगार देऊ शकत नाही." तो हसला. मग फलाटावर गाडीची वाट पाहताना म्हणाला, "काका, मंडळाचे सात वर्षांचे आकडे सरकारी आहेत, कंपनीचे नाहीत. ते आणून द्या. कागद कसा मांडायचा, कुठला आकडा संशयाचा, हे तुमच्या पोरांना मी सुटीच्या दिवशी शिकवतो. माझं नाव मात्र कुठं येऊ देऊ नका."

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक मंडळातून एका कार्यकर्त्याने हे काम करून यावे. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. कपाशी आणि ज्वारी, मागची सात वर्षे, मंडळातला प्रत्येक कापणी प्रयोग, गट क्रमांक, तारीख, वजन, कपाशीच्या वेचण्या वेगवेगळ्या. अर्जाचा नमुना तालुकाप्रमुखांकडे मिळेल. उत्तर आले नसेल तर अर्जाची पोच आणावी. बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालेली, आकड्याला न भिणारी दोन मुले-मुली गावातून सोबत आणावीत. त्यांची बैठक दुपारच्या जेवणानंतर वेगळी होईल, आणि तिला भाषण कोणी करणार नाही.